अंतर आधी, बाकी नंतर

मृगातला काक्षी किती लांब आहे? चार पुस्तके काढून पाहा. एकात ४३० प्रकाशवर्षे सापडतील, दुसऱ्यात ६४०, तिसऱ्यात ५५०, एखाद्यात थेट ७२०. यांतला एकही आकडा छापखान्याच्या चुकीने आलेला नाही. चारही जाणत्या खगोलशास्त्रज्ञांनी, उत्तम उपकरणे वापरून, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काढलेले आहेत. आकाशातल्या पहिल्या दहा-बारा ठळक ताऱ्यांत ज्याची गणना होते, ज्याला शाळकरी पोरही बोट दाखवून ओळखते, त्याच्या अंतराची ही कथा. अंधुक ताऱ्यांचे काय असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

हे पुस्तक लिहायला घेतले ते अशा आकड्यांपायी. मराठीत ताऱ्यांवरची पुस्तके कमी नाहीत. जयंत नारळीकरांसारख्या पहिल्या प्रतीच्या संशोधकाने हयातभर मराठीत लिहावे, हे भाग्य फार थोड्या भाषांच्या वाट्याला आले आहे. पण आपल्या बहुतेक परिचयपर पुस्तकांत अंतर म्हणजे तक्त्यातला एक रकाना असतो. व्याध ८.६, अभिजित २५, स्वाती ३७. वाचक मान डोलावतो आणि पुढच्या पानावर जातो. हे कोणी मोजले, कशाने मोजले, मोजपट्टीचे दुसरे टोक कुठे धरले होते, हे त्याने विचारावे अशी त्या तक्त्याचीही अपेक्षा नसते. आणि गंमत अशी, की ताऱ्याबद्दल आपण जे जे बोलतो ते सगळे याच रकान्यावर उभे असते. तो किती तेजस्वी, किती मोठा, त्याच्या पोटातले इंधन किती वर्षे पुरेल, यांतले काहीही अंतराशिवाय सांगता येत नाही. म्हणून या पुस्तकात ‘किती’च्या आधी ‘कशावरून’ येते. त्यामुळे पहिली काही प्रकरणे संथ वाटतील. त्याला इलाज नाही.

अंतर इतके महत्त्वाचे का, ते व्याध आणि राजन्य यांच्या जोडीवरून चटकन कळते. हिवाळ्यात दोघे एकाच वेळी आकाशात असतात. डोळ्यांना व्याध अधिक तेजस्वी दिसतो. रात्रीच्या आकाशातला तो सर्वांत ठळक तारा. पण व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि राजन्य सुमारे ८६० वर, म्हणजे शंभरपट दूर. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, शंभरपट झाले की दहा हजारांश. हा हिशेब केला की व्याध सूर्याच्या पंचवीसपट तेजस्वी ठरतो आणि राजन्य लाखपटीहून अधिक. राजन्य उचलून व्याधाच्या जागी ठेवला, तर तो साधारण अष्टमीच्या चंद्राएवढा उजेड पाडील. डोळ्यांनी दिलेला निकाल अंतराने असा पार उलटवला. याच वर्गाच्या नियमामुळे अंतरातली चूक तेजात आणखी फुगते: काक्षी ४३० प्रकाशवर्षांवर मानायचा की ७२० वर, एवढ्याने त्याचे अंगचे तेज जवळजवळ तिप्पट बदलते.

प्रकाशवर्ष हे काळाचे नव्हे, अंतराचे माप आहे, हे एकदा सांगून ठेवतो. वर्षभरात प्रकाश सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो. व्यवसायी खगोलशास्त्रज्ञ पार्सेक वापरतात. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. पुस्तकात दोन्ही येतील.

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत याने १८३५ साली एक भाकीत केले होते. ताऱ्यांचे आकार, अंतरे आणि गती आपण कधी ना कधी शोधून काढू, पण ते कशाचे बनले आहेत हे मात्र माणसाला कधीच कळणार नाही, असा त्याचा दावा. पुढे पंचवीस वर्षेही गेली नाहीत तोच १८५९ मध्ये किर्खोफने वर्णपटातल्या काळ्या रेघांचा अर्थ लावला आणि सूर्यात सोडियम आहे, लोखंड आहे, हे हायडलबर्गच्या प्रयोगशाळेत बसून सांगता येऊ लागले. काँतच्या या फजितीची गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकांत नेहमी येते. तिची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. काँतने जे शक्य म्हटले होते, ते अंतर, त्याने ते विधान केले तेव्हा सूर्य सोडून एकाही ताऱ्याचे ठाऊक नव्हते. ताऱ्यातले घटक प्रकाशाबरोबर आपल्यापर्यंत येतात. त्याचे अंतर त्या प्रकाशात कुठेही लिहिलेले नसते. ते बाहेरून काढावे लागते.

काढायचे कसे, हे तत्त्वतः ग्रीकांनाही माहीत होते. दोन वेगळ्या जागांवरून एकाच वस्तूकडे पाहिले की मागच्या पार्श्वभूमीवर ती सरकलेली दिसते. जवळची जास्त सरकते, लांबची कमी. आपल्या सिद्धांतग्रंथांत ग्रहणाच्या गणितासाठी याच गोष्टीचा ‘लंबन’ म्हणून हिशेब आहे. आज तिला पराशय म्हणतात. चंद्रासाठी पृथ्वीवरची दोन ठिकाणे पुरतात. ताऱ्यांसाठी तेवढ्याने भागत नाही. तिथे पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षाच पाया म्हणून वापरायची: आज एक निरीक्षण, सहा महिन्यांनी दुसरे, मधले अंतर तीस कोटी किलोमीटर. पृथ्वी खरोखर फिरत असेल तर तारे वर्षभरात थोडे डोलताना दिसले पाहिजेत. ट्युको ब्राहेने आपल्या काळातली सर्वोत्तम उपकरणे लावून पाहिले. त्याला काहीही डोलताना दिसले नाही, आणि पृथ्वी स्थिर असल्याचा हा एक पुरावा त्याने धरला. हा तर्क मुळीच मूर्खपणाचा नव्हता. तारे इतके दूर असतील ही कल्पनाच त्याला अवाजवी वाटली, आणि त्या काळात कोणालाही वाटली असती.

नंतरची दोनशे वर्षे लोक पराशय शोधत राहिले आणि त्यांना भलतेच काही सापडत गेले. जेम्स ब्रॅडलीला १७२८ मध्ये प्रकाशाचे विपथन सापडले, म्हणजे पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्याच्या प्रकाशाची दिशाच किंचित बदललेली दिसते ती गोष्ट. विल्यम हर्शेलला एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे सापडले. पराशय मात्र हाती लागेना. अखेर १८३८ मध्ये क्योनिग्जबर्गच्या फ्रीडरिख बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय जाहीर केला. तारा अगदीच सामान्य, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. बेसेलने तो निवडला कारण त्याची स्वतःची चाल आकाशात फार जलद होती, म्हणजे तो जवळचा असावा. त्याच सुमारास स्त्रूव्हने अभिजितचा आणि हेंडरसनने मित्र या दक्षिणेकडच्या ताऱ्याचा पराशय काढला. हेंडरसनची निरीक्षणे केप ऑफ गुड होपला १८३२-३३ मध्येच झाली होती, पण खात्री करण्यात त्याचा वेळ गेला आणि पहिलेपणाचा मान बेसेलने नेला. शास्त्रात सावधपणाची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

बेसेलने काय मोजले, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. एका अंशाच्या ३६०० विकला होतात. पौर्णिमेचा चंद्र सुमारे १८०० विकला रुंद दिसतो. ६१ हंसाचा पराशय एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. सिंहगडावर दहा रुपयांचे नाणे उभे धरले आणि पुण्यात शनिवारवाड्यावरून पाहिले, तर ते जेवढे दिसेल तेवढा हा कोन. बेसेलने तो काचेच्या भिंगाने, लोखंडी स्क्रू फिरवत, रात्रीमागून रात्री थंडीत बसून मोजला, आणि आजच्या आकड्याशी ताडून पाहता त्याची चूक दहा टक्क्यांच्या आसपास निघते.

पण कोन मिळाला म्हणजे अंतर मिळाले असे नाही. त्रिकोणाचा पाया किलोमीटरमध्ये माहीत असावा लागतो, म्हणजे सूर्य किती लांब आहे ते आधी कळले पाहिजे. इथे मला गीयोम ल जांती या फ्रेंच माणसाची हकीकत विस्ताराने सांगितल्यावाचून राहवत नाही. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून वेळा टिपल्या तर सूर्याचे अंतर निघेल, ही योजना एडमंड हॅलीने १७१६ मध्ये मांडली होती. अशी अधिक्रमणे आठ वर्षांच्या जोडीने येतात आणि मग शतकाहून जास्त काळ येत नाहीत. १७६१ च्या अधिक्रमणासाठी ल जांती पाँडिचेरीला निघाला. वाटेत मॉरिशसला कळले की युद्ध पेटले आहे. पुढे जहाज भारताच्या किनाऱ्याशी आले तर पाँडिचेरी इंग्रजांच्या ताब्यात गेलेली. अधिक्रमणाच्या दिवशी आकाश स्वच्छ होते, पण तो हेलकावणाऱ्या जहाजावर होता, आणि तिथल्या निरीक्षणाचा काडीइतका उपयोग नव्हता. परत जायचे तर आठ वर्षांनी पुन्हा यावे लागणार. तो राहिला. मादागास्करचा किनारा पाहिला, मनिलाला जाऊन आला, आणि १७६८ मध्ये पुन्हा फ्रेंचांकडे आलेल्या पाँडिचेरीत त्याने वेधशाळा उभारली. तिथल्या मुक्कामात तमिळ पंचांगकर्त्यांची ग्रहणे काढण्याची रीतही तो शिकला. जून १७६९ ची ती पहाट उजाडली तेव्हा आकाश ढगांनी भरले होते. अधिक्रमण संपल्यावर ते मोकळे झाले. १७७१ मध्ये तो मायदेशी पोहोचला, तर तो मेला असे समजून फ्रेंच विज्ञान अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिलेली आणि वारस मालमत्तेच्या वाटणीत गुंतलेले.

इतरांची नशिबे बरी होती. कॅप्टन कुकची ताहितीवरची तुकडी धरून जगभरातून वेळा गोळा झाल्या, आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदने त्यांवरून सूर्याचे अंतर १५ कोटी ३० लाख किलोमीटरच्या आसपास काढले. आज ते १४ कोटी ९६ लाख धरले जाते. १९६१ मध्ये शुक्रावर रडारच्या लहरी आपटवून ते पक्के झाले, आणि आता तर व्याख्येनेच ठरवून टाकले आहे. ताऱ्यांच्या अंतरांच्या प्रत्येक आकड्याखाली हा पाया आहे.

पराशयाची पद्धत पृथ्वीवरून शंभर-दोनशे प्रकाशवर्षांपलीकडे लंगडी पडते, कारण वातावरण तारा थरथरवते. त्यावर उपाय अवकाशात जाण्याचा. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात लाखभर तारे मोजले. त्यानंतर २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली. ठळक ताऱ्यांबाबत त्याची अचूकता अशी, की ते सिंहगडावरचे नाणे चंद्राच्या वाटेवर अर्ध्याहून पुढे नेऊन ठेवले तरी त्याला त्याची रुंदी जाणवावी.

तरीही उपग्रहाने सांगितले म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कृत्तिकांचेच पाहा. हिप्पार्कसने त्यांचे अंतर सुमारे ३९० प्रकाशवर्षे दिले. बाकीच्या पद्धतींनी ते ४४० च्या जवळ येत होते. फरक थोडका वाटेल, पण हिप्पार्कस खरा असता तर कृत्तिकांतले तारे तारकाशास्त्राच्या अपेक्षेहून मंद ठरले असते आणि तारे कसे जळतात याच्या सिद्धांतालाच हात घालावा लागला असता. वाद वर्षानुवर्षे चालला. २०१४ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने स्वतंत्रपणे मोजून सुमारे ४४० चा कौल दिला, गायानेही तोच दिला. चूक हिप्पार्कसच्या विश्लेषणात होती. माझ्या मते नव्या वाचकाने खगोलशास्त्रातला एखादाच वाद मुळातून वाचायचा असेल तर हा वाचावा. शेजारच्या रोहिणी शकटात आणखी एक फसगत आहे: तो पुंजका १५० प्रकाशवर्षांवर, आणि ज्या लाल ताऱ्यामुळे तो नजरेत भरतो ती रोहिणी त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, केवळ योगायोगाने त्याच दिशेला.

आणि काक्षी? त्याची अडचण वेगळी आहे. तो इतका फुगलेला आहे की त्याची थाळीच आकाशात ०.०४ विकलेहून मोठी दिसते. त्याचा पराशय मात्र ०.००५ ते ०.००८ विकलेच्या घरातला. ताऱ्याचा पृष्ठभाग उकळता, कुठे उजळ कुठे काळवंडलेला, त्यामुळे प्रकाशाचे केंद्रच इकडेतिकडे सरकते आणि मोजायचा डोल त्यात हरवतो. गायाचे डोळे तर त्याच्या उजेडाने दिपतात. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो मंदावला तेव्हा ‘स्फोट होणार’ अशा बातम्या आल्या. निघाले ते त्याने स्वतःच फेकलेल्या धुळीचे आणि पृष्ठभागावरच्या एका थंड भागाचे कारण.

पराशय जिथे संपतो तिथून पुढे दुसरा मार्ग धरावा लागतो: ज्याचे अंगचे तेज आधीच ठाऊक आहे असा तारा शोधायचा, तो किती मंद दिसतो ते पाहायचे आणि अंतर काढायचे. हा मार्ग हेन्रिएटा लेव्हिट यांनी खुला केला. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या पट्ट्यांवरचे तारे तपासण्याचे काम स्त्रियांकडे असे. लेव्हिट यांना त्याचे तासाला तीस सेंट मिळत. पेरूमधल्या अरेकिपाहून आलेल्या पट्ट्यांवर त्यांनी मॅगेलनच्या मेघांतले १७७७ रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारे, तारे शोधून १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतल्या काहींबद्दल त्यांनी एक लहानशी नोंद केली: जे जास्त तेजस्वी, त्यांचा उजळ-मंद होण्याचा काळ जास्त लांब. १९१२ मध्ये धाकट्या मेघातल्या २५ ताऱ्यांवर त्यांनी हे सिद्धच केले. मेघ हाच इथे कळीचा मुद्दा. त्यातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून तेजातला फरक खराच तेजाचा, अंतराचा नव्हे. ते परिपत्रक निघाले संचालक पिकरिंग यांच्या सहीने. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला, असा उल्लेख मात्र त्याच्या पहिल्याच वाक्यात आहे. लेव्हिट १९२१ मध्ये गेल्या. चार वर्षांनी स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवावे म्हणून पत्र लिहिले, तेव्हा त्याला त्यांच्या निधनाची बातमी कळली.

लेव्हिट यांच्या या रूपविकारी ताऱ्यांच्या जातीला सेफीड म्हणतात. असाच एक सेफीड एडविन हबलने ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने देवयानीत पकडला. आधी त्याला तो नवतारा वाटला होता. पट्टीवरचे नवताऱ्याचे अक्षर खोडून त्याने रूपविकारी अशी खूण केली. अंतर निघाले नऊ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे देवयानीतला तो धुरकट ठिपका आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरला. निष्कर्ष बरोबर होता, आकडा चुकीचा. हबलच्या मोजपट्टीने विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे येत होते आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते. उलगडा केला वाल्टर बाडेने. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मन नागरिक म्हणून युद्धकामातून वगळला गेला, सहकारी कामावर गेले, आणि लॉस एंजेलिसमध्ये दिवेबंदी असल्याने अंधारलेले आकाश त्याच्या वाट्याला आले. त्या रात्रींत त्याला ताऱ्यांच्या दोन पिढ्या वेगळ्या दिसल्या. सेफीडही दोन जातींचे आहेत आणि हबलने एकीची पट्टी दुसरीला लावली, हे त्याने १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत मांडले. एका दिवसात सगळ्या दीर्घिका दुप्पट दूर गेल्या. आज देवयानीचे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. मोजपट्टीचा वाद अजून मिटलेला नाही: सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या वाटेने विश्वप्रसरणाचा वेग दर दहा लाख पार्सेकमागे सेकंदाला ७३ किलोमीटरच्या आसपास येतो, विश्वाच्या आद्य प्रारणावरून ६७. शेवटच्या प्रकरणात दोन्ही बाजू दिल्या आहेत. कोण जिंकेल यावर पैज लावण्याचा मोह मी टाळला आहे.

आपल्याकडचे दोन धागे या विषयात खरेखुरे गुंतलेले आहेत. ताऱ्याचा ठळकपणा ‘प्रतीं’त मोजतात; पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात नेमका शंभरपट, हे माप १८५६ मध्ये ठरवणारा नॉर्मन पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेत आला आणि तीस वर्षांनी तिथेच वारला. त्याचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला. दुसरा धागा खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंचा. थंड ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमची एक रुंद काळी रेघ असते आणि तिच्या पोटात एक बारीक उजळ रेघ. ती जितकी रुंद, तितका तारा अंगचा तेजस्वी, असे ऑलिन विल्सन आणि बाप्पूंनी १९५७ मध्ये दाखवले. म्हणजे रेघेची रुंदी मोजून अंतर काढता येते. ही पद्धत परदेशी पाठ्यपुस्तकांत बाप्पूंच्या नावासह शिकवतात. आपल्या शाळांत ते नाव क्वचितच निघते.

श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांच्यावर एकच प्रकरण आहे. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. परिभाषेत प्रत, दीर्घिका, अभ्रिका हे रुळलेले शब्द ठेवले. सेफीड, पार्सेक यांना ओढूनताणून मराठी केले नाही. आकड्यांपुढे जिथे ‘अधिक-उणे’ दिले आहे तिथे तो भाग वगळू नये. पुष्कळदा खरी बातमी त्यातच असते.

दुसऱ्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करता आले तर करावे. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री उत्तरेला, शर्मिष्ठेच्या पश्चिमेकडे वृषपर्व्याचा समूह दिसतो. त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे. त्यांतला डेल्टा हा सेफीड ताऱ्यांचा मूळपुरुष. जॉन गुडरिक या मूकबधिर इंग्रज तरुणाने १७८४ मध्ये त्याचे उजळ-मंद होणे ओळखले. उरलेल्या दोघांपैकी झीटा ३.४ प्रतीचा आणि एप्सिलॉन ४.२ प्रतीचा. डेल्टा कधी झीटाची बरोबरी करतो, कधी एप्सिलॉनच्याही खाली उतरतो, आणि पाच दिवस नऊ तासांत फेरी पुरी करतो. दुर्बीण लागत नाही, शहराबाहेरचा काळोख लागतो. रोज रात्री तारीख, वेळ आणि तो कोणाच्या जवळपास वाटला एवढेच वहीत टिपून ठेवावे. दुसऱ्या प्रकरणातला पहिला आलेख त्याच नोंदींवरून काढायचा आहे.